गिरणी सुटल्यावर : सोशल सर्व्हिस लीगचा इतिहास

१९११ साली तीन गोष्टी घडल्या. त्या एकत्र पाहिल्याशिवाय सोशल सर्व्हिस लीगचा इतिहास नीट लागत नाही. मार्च महिन्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याच साली फॅक्टरी कायदा बदलला आणि कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाच्या दिवसाला पहिल्यांदा काही मर्यादा पडली, बारा तासांची. आणि त्याच साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले एक तरुण सभासद, नारायण मल्हार जोशी, यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गोखल्यांचे विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. फॅक्टरी कायदा लागू झाला. लीग राहिली. ज्या पोरांना त्या विधेयकाने शाळेत बसवायचे होते ती पोरे शाळेत बसलीच नाहीत. पंधरा-वीस वर्षांनी त्यांतलीच कितीतरी परळ-लालबागच्या रात्रीच्या वर्गात पाटी घेऊन बसलेली असणार.

बारा तास ही तेव्हा सवलत होती, हे आज मुद्दाम सांगावे लागते. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर सूर्य मावळला की काम थांबायचे, हा निसर्गाने घालून दिलेला नियम सुटला होता आणि दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला होता. बारा तासांचा कायदा आल्यावरही मधली अर्ध्या तासाची सुटी, गिरणीपर्यंतची पायपीट, नळावरची रांग आणि जेवण एवढे धरले तर माणसाच्या हाती दिवसातला एखादा तास उरतो, तोही रात्री आठ-नवाच्या पुढचा. लीगचे रात्रीचे वर्ग या एका तासात बसवायचे होते. प्रौढशिक्षणाविषयी पुष्कळ सिद्धान्त मांडले गेले आहेत. माझ्या मते लीगच्या शंभराहून अधिक वर्षांच्या कामातला सर्वांत मोलाचा धडा या एका तासाच्या हिशेबात आहे. मोठ्या माणसाला शिकवायला निघालेल्या संस्थेने आधी त्याचे काम कधी सुटते, हातात पैसा किती येतो आणि डोक्यावर कर्ज कोणाचे आहे हे पाहिले पाहिजे. अभ्यासक्रम त्यानंतर. लीगने जिथे हे पाहिले तिथे तिचे काम रुजले.

ना. म. जोशी मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, गोरेगावचे. जन्म ५ जून १८७९. १९०९ साली भारत सेवक समाजात येण्यापूर्वी त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली होती, त्यामुळे वर्गात बसलेल्याचे लक्ष कशाने उडते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. सर नारायण चंदावरकरांसारखे प्रार्थना समाजातले वजनदार गृहस्थ लीगच्या मागे उभे राहिले आणि गोपाळ कृष्ण देवधरांसारख्या सहकाऱ्यांचा हात लागला. लीगच्या उद्दिष्टांत एक गोष्ट अशी होती की जी त्या काळच्या दानधर्म करणाऱ्या मंडळ्यांत सहसा आढळत नसे : सामाजिक स्थितीची माहिती गोळा करायची, तिचा अभ्यास करायचा आणि त्यावरून लोकमत घडवायचे. सेवा करायची ती आधी विचारपूस करून. जोशींच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर या सवयीची छाप आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगावर ते सभासद होते. दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने वर्षानुवर्षे ते आकड्यांनिशी उभे राहिले. या साऱ्याची तालीम परळच्या चाळींत झाली होती.

लीगचे सुरुवातीचे काम कागदावर वाचले तर पसरट वाटते. रात्रशाळा, दिवसाच्या शाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, लहान मुलांसाठी पाळणाघरे, सहकारी पतपेढ्या, व्यायामशाळा, बालवीर पथके, वस्तीतल्या लोकांच्या सहली, औषधोपचार, स्वच्छतेचे काम, मॅजिक लँटर्नची चित्रे दाखवून दिलेली व्याख्याने. अशिक्षितांना कायद्याचा सल्ला द्यायचा आणि पोलीस कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहायला माणूस ठेवायचा, हेही लीगच करत असे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हीच मंडळी औषधे घेऊन चाळी हिंडली. एवढे सगळे एका संस्थेने कशाला अंगावर घ्यावे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर गिरणी कामगाराच्या घरात शिरल्यावर मिळते.

रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला माणूस एका खोलीत राही, पुष्कळदा त्याच गावच्या दहा-पंधरा जणांबरोबर. बायकामुले गावी. गावाशी बांधून ठेवणारा धागा म्हणजे मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती जागा असे. ज्याला लिहिता येत नाही त्याला या चार ओळी दुसऱ्याच्या हातून लिहून घ्याव्या लागत, म्हणजे बायकोला काय सांगायचे ते आधी त्या माणसाला सांगावे लागे. पैसे पोचल्याची पोच येई तीही दुसऱ्याकडूनच वाचून घ्यायची, आणि खाली अंगठा कोणाचा, आपल्या माणसाचा की भलत्याचा, हे कळायला मार्ग नसे. प्रौढ माणूस दिवसभराच्या श्रमानंतर रात्री पाटीवर ‘क’ का गिरवतो, याचे उत्तर एवढ्याशा जागेत आहे. त्याला पंडित व्हायचे नसते. आपल्या घरातले बोलणे आपल्या घरात राहावे, एवढे त्याला हवे असते. आणि ही गरज चौकशीच्या कुठल्याही तक्त्यात नोंदवता येत नाही.

फिरत्या ग्रंथालयाचेही तसेच. पुस्तकांनी भरलेली पेटी एका ठिकाणी ठेवायची, ठरावीक मुदतीनंतर ती पुढे न्यायची आणि दुसरी आणायची. वाचनालयाच्या इमारतीत जाऊन सही करायला संकोचणारा माणूस आपल्या खोलीच्या दारात आलेल्या पेटीत हात घालतो. एक जण दिव्याखाली वाचतो, बाकीचे विड्या ओढत ऐकतात. अशा ऐकणाऱ्यांची नोंद कुठल्याच अहवालात ‘वाचक’ म्हणून होत नाही. १९११ च्या शिरगणतीत या देशात शंभरात सहा माणसेही साक्षर नव्हती. साक्षरतेचा सगळा विस्तार अशा मोठ्याने वाचणाऱ्यांच्या भोवती बसलेल्या माणसांपासून झाला आहे.

मग कर्ज. गिरणीत पगार महिन्याचा आणि तोही महिना भरल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हातात पडायचा. नव्याने लागलेल्या माणसाला म्हणजे पहिले सहा आठवडे उधारीवर काढावे लागत. वाण्याची उधारी, खानावळीची उधारी आणि वर सावकाराचे कर्ज. व्याजाचा रुळलेला दर रुपयाला महिना एक आणा. एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा पंचाहत्तर. हा हिशेब पाटीवर मांडून दाखवणे हा लीगच्या कामातला एक खरा धडा होता. तो नुसता शिकवून भागत नव्हते. पठाण सावकार दारात उभा असताना अंकगणित कामी येत नाही, म्हणून वर्गाच्या शेजारी पतपेढी हवी. पतपेढी आली की पासबुक आले, पासबुक आले की आकडे वाचण्याचे कारण आले. रात्रशाळा आणि पतपेढी ही दोन वेगवेगळी ‘कार्ये’ म्हणून अहवालांत छापली जातात, पण माणसाच्या बाजूने पाहिले तर ते एकच काम होते.

१९२२ साली परळला दामोदर ठाकरसी हॉल उभा राहिला आणि लीगला गिरणगावाच्या मध्यावर घर मिळाले. ‘दामोदर हॉल’ हे नाव पुढे मुंबईच्या इतिहासात इतक्या अंगांनी आले की त्याची एक वेगळी स्मरणिका होऊ शकेल. त्यातले एक प्रकरण इथे सांगितलेच पाहिजे. ९ मार्च १९२४ रोजी याच हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा भरली आणि त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेची कचेरी दामोदर हॉलमध्येच होती. बाबासाहेब तेव्हा परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासवर्ग आणि सामाजिक केंद्रे यांना पहिले स्थान होते. म्हणजे एकाच छताखाली दोन संस्था प्रौढांच्या शिक्षणाचे काम करत होत्या आणि दुसरी संस्था पहिलीला न दिसलेला प्रश्न विचारत होती.

तो प्रश्न गिरणीच्या साच्यावर, म्हणजे मागावर, स्पष्ट दिसतो. साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचा. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्याला साच्याच्या खात्यात येऊ देत नसत. आणि चांगला पगार नेमका त्याच खात्यात होता. उरलेली खाती, त्रासन म्हणजे सूतकताई वगैरे, कमी पगाराची. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडली. माझ्या दृष्टीने ही घटना प्रौढशिक्षणाच्या इतिहासातही तेवढीच महत्त्वाची आहे. एखाद्याने रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकावे, हिशेब शिकावा, तांत्रिक वर्गात साच्याचे ज्ञानही मिळवावे आणि तरी जातीमुळे त्याला साच्याजवळ उभे करू नये, तर त्या शिक्षणाचे त्याने काय करायचे? शिक्षणाने दार उघडते असे म्हणतो तेव्हा दार आतून कोणी धरून ठेवले आहे हेही बघायला हवे. लीगच्या वर्गांनी हे दार उघडले नाही. ते उघडायला चळवळ लागली.

दामोदर हॉलचे दुसरे आयुष्य रंगभूमीचे. सहकारी मनोरंजन मंडळ आणि गिरण्यागिरण्यांतल्या हौशी नाट्यमंडळ्यांनी इथे जी नाटके केली त्यांची गणती नाही. कोकणातून दशावतार, नमन, जाखडी अंगात घेऊन आलेल्या माणसांना रंगमंच नवा नव्हता. नवी होती ती नक्कल. छापील संहितेतून आपल्या भूमिकेची नक्कल उतरवून घ्यायची आणि पाठ करायची. ज्याला अक्षर येत नाही त्याला दुसऱ्याने वाचून दाखवायचे, त्याने कानाने घ्यायचे. असे एक नाटक झाले की पुढच्या नाटकाला आपली नक्कल आपणच वाचावी असे वाटणे स्वाभाविक आहे. करमणूक आणि शिक्षण यांत भिंत घालणाऱ्यांनी कामगार रंगभूमीकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. उच्चार, पाठांतर, वेळेवर येणे, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे, हिशेब ठेवणे, तिकिटे खपवणे : साक्षरता वर्गात सहा महिन्यांत जे येत नाही ते एका नाटकाच्या तालमीत येते. शिवाय त्या तालमीत मुकादम आणि बदली कामगार एकाच सतरंजीवर बसतात.

लीगवर टीकाही झाली, आणि तिचा उल्लेख टाळणारा इतिहास खरा म्हणता येणार नाही. हॉलचे नाव ज्या ठाकरसी घराण्याचे ते गिरणीमालक. काही गिरण्यांच्या आवारात मालकांच्या खर्चाने लीग कामगारांसाठी केंद्रे चालवत असे. मालकाच्या पैशावर कामगाराचे कल्याण करणारी संस्था संपाच्या दिवशी कोणाच्या बाजूला असणार, असे जहाल मंडळी विचारत. प्रश्न रास्त होता. त्याला जोशींनी दिलेले उत्तर कृतीत सापडते. १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी करण्यात ते होते. संघटना करण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हावा हा ठराव १९२१ साली कायदेमंडळात त्यांनी मांडला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. १९२६ सालीच त्यांनी आणि लीगमधले त्यांचे सहकारी रा. रा. बखले यांनी मुंबईत गिरणी कामगारांची युनियन काढली. १९२८ चा संप सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, तेव्हा संयुक्त संप समितीत जोशी कम्युनिस्टांच्या शेजारी बसले होते. पुढच्याच वर्षी ट्रेड युनियन काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात त्यांची आणि कम्युनिस्टांची फारकत झाली. कल्याणाचे काम माणसाला गप्प बसवण्यासाठीही करता येते आणि बोलते करण्यासाठीही. जोशींनी ते कशासाठी केले याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण मालकाच्या आवारातले केंद्र आणि बाहेरची युनियन हा ताण लीगला कधी पुरता सोडवता आला नाही, हेही मान्य करायला हवे.

या काळात कामाचे घड्याळ हळूहळू कामगाराच्या बाजूने सरकत होते. १९२० च्या संपाने मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आणला, १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची हद्द घातली, १९३४ च्या कायद्याने ती चौपन्नावर आणली आणि स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, ती अठ्ठेचाळीसवर आली. मोकळा वेळ वाढला तसा रात्रीच्या वर्गांना अवसर मिळाला. दुसऱ्या बाजूने नवीच अडचण आली, पाळ्यांची. १९३० नंतर रातपाळी रुळली, महायुद्धात कापडाची मागणी वाढली आणि तिसरी पाळी आली. पाळी फिरती असली की या महिन्यात रात्री मोकळा असलेला माणूस पुढच्या महिन्यात रात्री साच्यावर असतो. शाळेची वेळ मात्र ठरलेली. रात्रशाळेत गळती का होते याची कारणे मास्तर लोक आळस, व्यसन, शिमग्या-गणपतीला गावी जाणे यांत शोधत. पाळीपत्रकाकडे पाहिले असते तर अर्धे कारण तिथेच सापडले असते.

मुलांच्या बाजूला एक मोठी गोष्ट झाली. १९२५ साली मुंबई महापालिकेने एफ आणि जी या विभागांत, म्हणजे नेमक्या गिरणगावात, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. गोखल्यांचे विधेयक पडल्यानंतर तेरा वर्षांनी. याचा परिणाम लीगच्या कामावर होणारच होता. गिरणीत लागणाऱ्या पुढच्या पिढीला अक्षर येत होते. तिला हवे होते ते तांत्रिक शिक्षण. लीगने कापडधंद्यातल्या तांत्रिक कामाचे वर्ग परळला चालवले, त्यात शिकून माणसे साच्यावरून जॉबरीपर्यंत, म्हणजे मुकादमीपर्यंत, आणि त्याच्याही वर गेली. मुलांसाठी लीगची शाळा चालली. आणि ज्या डिलाईल रोडला पुढे ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळाले, त्या वाटेने ही मंडळी रोज कामाला जात.

बायकांचे प्रकरण वेगळे आणि जास्त दुःखाचे आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचव्या हिश्श्याच्या आसपास बायका होत्या, मुख्यतः वायडिंग-रिळिंगच्या खात्यांत. नवी यंत्रे आली, रातपाळीला बायकांना बंदी होती, १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला तेव्हा कित्येक मालकांना बाई कामाला ठेवणे महाग वाटू लागले. खाते बंद झाले की बाई बाहेर. पुढे त्यांचे प्रमाण घसरत नगण्य झाले. लीगचे शिवणकामाचे वर्ग, पाळणाघरे या बायकांसाठी होती आणि त्यांचा उपयोगही झाला. पण गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईसाठी शिवणयंत्र हे पगारी नोकरीची जागा घेऊ शकत नव्हते. बाहेर गेलेल्या बायकांनी खानावळी चालवल्या. एकेकटीने दहा-वीस जणांचे डबे. त्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून द्यायला १९७५ साली प्रेमाताई पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ यावे लागले. मधली चाळीस-पन्नास वर्षे या बायकांच्या श्रमाची गणना कुणीही कामगार म्हणून केली नाही, लीगनेही नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि प्रौढ साक्षरता हे सरकारचे काम झाले. १९३९ साली मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली, तीच स्वातंत्र्यानंतर मुंबई शहर समाजशिक्षण समिती झाली. १९५३ च्या कायद्यानंतर कामगार कल्याण मंडळाची केंद्रे गल्लोगल्ली निघाली. लीगने एकटीने चालवलेली पुष्कळ कामे आता सरकारी पैशाने, कितीतरी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. स्वयंसेवी संस्थेच्या आयुष्यात असा टप्पा येतोच. ३० मे १९५५ रोजी जोशी गेले तेव्हा त्यांनी मांडलेल्या बऱ्याच गोष्टी कायद्याच्या पुस्तकात आल्या होत्या.

१९६७ साली वरळीला श्रमिक विद्यापीठ सुरू झाले, समाजशिक्षण समितीच्या पुढाकाराने आणि युनेस्कोच्या बहुअंगी प्रौढशिक्षणाच्या कल्पनेवर. देशातले ते पहिले. लीगशी त्याचे कागदोपत्री नाते नसले तरी विचाराचे आहे, म्हणून त्याला या इतिहासात जागा दिली आहे. आधी कामगारांच्या एका गटाकडे जायचे, त्याला काय अडते ते विचारायचे, मग त्या गटापुरता अभ्यासक्रम बांधायचा : धंद्यातले कौशल्य, त्याला लागणारे गणित, कामगार कायदे, आरोग्य, घरखर्चाचा हिशेब, सगळे एकत्र. वर्ग त्याच्या पाळीप्रमाणे आणि त्याच्या जागी. गिरणीत, चाळीत, कारखान्याच्या फाटकाशी. १९११ साली लीग जे अंदाजाने करत होती त्याला इथे शास्त्र मिळाले. हा नमुना देशभर उचलला गेला.

मग १८ जानेवारी १९८२, गिरण्यांचा संप. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार, डॉ. दत्ता सामंतांचे नेतृत्व. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याच्या राजकारणात इथे शिरायचे नाही. प्रौढशिक्षणाच्या अंगाने जे घडले ते असे : चाळिशी-पन्नाशीतला, वीस वर्षे चार साचे सांभाळलेला, सूत तुटण्याचा आवाज गलक्यातूनही ओळखणारा माणूस एका वर्षात अकुशल ठरला. त्याचे कौशल्य त्याच्या हातात होते, पण ते लागणारे यंत्र मुंबईत उरले नव्हते. सत्तर वर्षांचे सगळे कामगार शिक्षण एका गृहीतावर उभे होते, की गिरणी राहील आणि आपण माणसाला तिच्यात वर चढवू. ते गृहीतच कोसळले.

कापड मात्र बंद पडले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले आणि तिथे बारा तासांची पाळी होती. गिरणीतून सुटलेला मुंबईचा माणूस सुरक्षारक्षक झाला, त्याचीही ड्यूटी बारा तासांची. गोखल्यांच्या काळात कायद्याने घातलेली आणि नंतर तीन वेळा खाली आणलेली मर्यादा ऐंशी वर्षांत होती तिथे येऊन पोचली, आणि या वेळी ती कायद्याच्या नजरेआड होती. बारा तासांच्या ड्यूटीवरून सुटलेल्या माणसाला ‘नवे कौशल्य शिका’ असे सांगणे सोपे आहे. लीगच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांनी त्याला आधी विचारले असते, कधी सुटतोस?

श्रमिक विद्यापीठांचे २००० साली जन शिक्षण संस्थान झाले आणि २०१८ साली ही संस्थाने शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेली. शिवण, ब्यूटी पार्लर, वायरिंग, संगणक. हे वर्ग उपयोगी आहेत, त्यातून हजारो बायकांच्या हाती पैसा आला आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण खाते बदलले की मोजमाप बदलते. किती जणांना प्रमाणपत्र मिळाले हे मोजले जाते. कर्जाचा हिशेब, कायद्याचा सल्ला, नाटक, वाचनालय यांना त्या तक्त्यात रकाना नाही. आणि लीगचा सगळा अनुभव असा आहे की माणूस टिकतो तो या रकाना नसलेल्या गोष्टींवर. एक कौशल्य पाच वर्षांत जुने होते. पुढचे शिकण्याची हिंमत, शिकायला जागा, आणि ‘मला हे येत नाही’ हे चार माणसांत म्हणता येईल असा शेजार, हे जुने होत नाही.

दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी २०२३ च्या अखेरीस बंद झाले तेव्हा सहकारी मनोरंजन मंडळ आणि रंगकर्मी रस्त्यावर आले. नाट्यगृह परत मिळावे, त्याच जागी आणि आहे त्याहून लहान नको, अशी त्यांची मागणी होती. तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि मागणी नाटकापुरती नसावी असेही वाटते. परळ-लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या जमिनीवर आज कचेऱ्या, मॉल आणि उपाहारगृहे आहेत. तिथे काम करणारी माणसे पूर्वीइतकीच परगावची आहेत : सफाई कामगार, सुरक्षारक्षक, स्वयंपाकघरातली पोरे, मोबाइलवरच्या ऑर्डरी पोचवणारे तरुण. त्यांची पाहणी कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. कुठे झोपतात, दुचाकीचा हप्ता किती, अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, ॲपने खाते बंद केले तर दाद कोणाकडे मागायची हे त्यांना ठाऊक आहे का, हे दारोदार जाऊन विचारायला हवे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द आला आहे, पण तो कोणासाठी आहे आणि त्यातून काय मिळू शकते हे त्या पोराला समजावून सांगणारा माणूस कुठे बसतो?

ऑर्डरी पोचवणाऱ्या पोरांना दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर आणि रात्रीची सुरू होण्याआधी दोनेक तास मिळतात. रातपाळीचा सुरक्षारक्षकही झोप काढून तेवढ्यातच उठलेला असतो. तेव्हा आजचा वर्ग दुपारी चारला भरवावा लागेल. त्यासाठी परळमध्येच, रस्त्यालगत, दुचाक्या लावता येतील आणि मोबाइल चार्ज करता येईल अशी एक खोली लागेल. दामोदरच्या नव्या इमारतीच्या नकाशात ती खोली आताच मागून घ्यावी.